ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, किल्ली कंपनीची

चार दिवसांपासून आपल्या उदगीरच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील फिरतंय. ऑस्ट्रेलियातलं गव्हाचं रान, नजर पोचत नाही इतकं लांब, आणि त्यात ओळीने चाललेली सहा हार्वेस्टर. खाली कुणीतरी लिहिलंय, "ना कर्जमाफी, ना अनुदान, ना मोर्चा. शिका काहीतरी!" आणि त्याला आपल्याच लोकांचे दीडशे अंगठे.

मला काही म्हणायचंय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

माझा पुतण्या सध्या तिकडे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात, हंगामी कामावर. हार्वेस्टरच्या बाजूने चालता चालता धान्य भरून घेणारी मोठी ट्रॉली असते, तिचा ट्रॅक्टर तो चालवतो. हार्वेस्टरला तिकडे 'हेडर' म्हणतात. तर ऐन सुगीत एक दिवस दुपारी हेडर उभं राहिलं. पडद्यावर एक कोड आला आणि इंजिनाने जोर सोडला. मालक साठीचा गडी. वयाच्या बाराव्या वर्षापासून हातात पाना. बिघाड एका सेन्सरचा आहे हे त्याला अर्ध्या तासात कळलं. सेन्सर बदलणंही त्याला जमलं असतं. पण नवा सेन्सर बसवला तरी मशीन त्याला ओळखणार नाही, जोवर कंपनीचा माणूस लॅपटॉप लावून 'हो' म्हणत नाही तोवर. तो माणूस दोनशे किलोमीटरवर, आणि त्याच्यापुढे आधीच रांग. पुतण्या सांगत होता, "काका, तीन दिवस हेडर उभं. मालक रोज त्याच्याभोवती फिरायचा आणि आभाळाकडे बघायचा."

आभाळाकडे का, ते आपल्या सोयाबीनवाल्याला सांगायला नको. उभ्या गव्हावर पाऊस पडला की प्रत घसरते. २०२१ च्या नोव्हेंबरात तिकडच्या पूर्व भागात नेमकं तेच झालं. माणसाच्या खाण्याचा गहू जनावरांच्या खाद्याच्या भावात गेला.

आता त्या रीलमधल्या यंत्राचा हिशोब मांडू. मोठं नवं हेडर, पुढच्या कापणीच्या फ्रंटसकट, आज तिकडे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातं. आपले साडेपाच-सहा कोटी रुपये. आणि हे वापरायचं किती? वर्षातले सहा-आठ आठवडे. बाकी वर्षभर ते शेडमध्ये उभं राहतं, हप्ता मात्र उभा राहत नाही.

एवढ्या महागाची यंत्रं लोकांनी घेतली कशी? तर सरकारने घ्यायला लावली. कोरोनाच्या काळात, ६ ऑक्टोबर २०२० पासून ३० जून २०२३ पर्यंत तिकडे एक करसवलत होती. यंत्र घ्या आणि त्याची सगळी किंमत एकाच वर्षात उत्पन्नातून वजा करा. त्यात सलग चांगले पाऊस आणि धान्याला बरे भाव. झालं! ट्रॅक्टर-हेडरची विक्री उसळली. माल मिळेना, बोटी वेळेवर येईनात, तरी बुकिंग चालूच. कर भरण्यापेक्षा लोखंड घेतलेलं बरं, असं गावोगाव झालं.

तेव्हा तिथल्या रिझर्व्ह बँकेचा दर ०.१० टक्के होता. म्हणजे फुकटच. मे २०२२ मध्ये तो वाढायला लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ टक्क्यांवर गेला. दीड वर्षात! साधा हिशोब करा: दहा लाख डॉलरच्या नव्या कर्जावर चार टक्के जादा म्हणजे पहिल्या वर्षाला ४० हजार डॉलर नुसतं वाढीव व्याज. सवलत संपली ती संपलीच. पुढे छोट्या व्यवसायांसाठी मर्यादा उरली एका वस्तूमागे २० हजार डॉलरची. हेडरच्या किमतीपुढे ती म्हणजे दर्यात खसखस.

खताचं बघा. २०२१ मध्ये चीनने युरियाची निर्यात आवळली आणि जगभर भाव भडकले. ऑस्ट्रेलियात तर डिझेल गाड्यांना लागणाऱ्या अ‍ॅडब्लूचीच बोंब झाली, कारण तेही युरियापासूनच बनतं. त्यानंतर वर्षभरात ब्रिस्बेनचा गिब्सन आयलंडचा युरिया कारखाना गॅस परवडेना म्हणून बंद पडला. आज तो देश युरियासाठी जवळपास पूर्ण बाहेरच्यांवर अवलंबून आहे. ग्लायफोसेटचंही २०२१ मध्ये तेच झालं, आणि तिकडची बिननांगरटीची शेती तणनाशकावरच चालते.

डिझेलची तर गंमतच. २०२२ मध्ये सरकारने सहा महिने इंधनावरचा कर निम्मा केला, वाहवा मिळवली. पण शेतीकामाच्या डिझेलवरचा कर शेतकऱ्याला आधीपासूनच परत मिळत होता. कर निम्मा झाला, परतावाही निम्मा झाला. शेतकऱ्याच्या हातात आलं शून्य.

आणि तो जो 'ना अनुदान' वाला मजकूर आहे ना, तो खरा आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या कमाईत सरकारी आधाराचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे. जगातल्या सगळ्यात कमी देशांमध्ये त्याची गणती होते. पण त्याचा अर्थ कौतुकाने टाळ्या वाजवा असा नाही, मित्रांनो. त्याचा अर्थ, खर्च वाढला की तो माणूस एकटा असतो. जमीन कागदावर कोट्यवधीची, आणि खिशात हप्त्यापुरतेही नाहीत.

मग तो शहाणा माणूस काय करतोय? नव्या यंत्राकडे पाठ फिरवतोय. २०२३ नंतर तिकडे विक्री घसरली ती उगाच नाही. एक, आहे तेच यंत्र जास्त वर्षं ओढायचं. दोन, सेकंडहँड. तिकडे 'क्लिअरिंग सेल' म्हणून रानातच लिलाव होतात. शेती सोडणाऱ्याची अवजारं ओळीने मांडून विकतात. त्यात जुना, कमी इलेक्ट्रॉनिक्सचा, पान्याने खुलणारा ट्रॅक्टर आला की बोली चढते. तीन, स्वतः हेडर घ्यायचंच नाही, भाड्याने काढणी करून घ्यायची. आपल्याकडे सोयाबीनला पंजाबची हार्वेस्टर येतात तसंच. चार, वेगळीच वाट. क्वीन्सलंडमधल्या एमराल्ड भागात एका शेतकरी कुटुंबाने 'स्वार्मफार्म' काढली. एका अजस्र यंत्राऐवजी छोटे, बिनचालकाचे रोबोट. कॅमेऱ्याने तण ओळखून तेवढ्यावरच फवारणी, म्हणजे औषध वाचतं.

छोट्या कामाला आपले भारतीय ट्रॅक्टरही तिकडे चालतात. महिंद्रा २००५ पासून ब्रिस्बेनमध्ये बसली आहे. पण उगाच छाती फुगवू नका. फळबाग, गोठा, छोटी वाडी यांच्यासाठी तो ट्रॅक्टर आहे. पाचशे एचपीचं काम तो करत नाही.

आता मुद्द्यावर येतो. खर्च वाढणं मी समजू शकतो. युद्ध, चीन, गॅस, व्याज, कुणाच्या हातात काय होतं! पण कुलूप कुणी लावलं? ते तर माणसाने मुद्दाम लावलंय.

हे मी हवेत बोलत नाही. तिथला ग्राहक आणि स्पर्धा आयोग आहे, त्याने मे २०२१ मध्ये शेती यंत्रांवर अहवाल दिला. स्वतंत्र मेकॅनिकला सॉफ्टवेअर मिळत नाही, शेतकरी कंपनीच्या डीलरला बांधला जातो, सुगीत खोळंबा होतो, हे सगळं त्यात आहे. त्याच वर्षी उत्पादकता आयोगाने, म्हणजे सरकारच्याच सल्लागाराने, सांगितलं की शेती यंत्रांच्या कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती, साधनं आणि सुटे भाग देण्याचं बंधन घाला. मग १ जुलै २०२२ पासून कायदा लागू झाला. वाचून बरं वाटलं ना? थांबा. तो कायदा कार आणि हलक्या गाड्यांसाठी. शहरातल्या साहेबाच्या कारची माहिती कोपऱ्यावरच्या गॅरेजला द्यावीच लागते. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि हेडर त्यातून बाहेर! अलीकडे तो विषय सुधारणांच्या यादीत आलाय म्हणे. यादीत आल्याने हेडर चालू होत नाही.

अमेरिकेतही हीच लढाई आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीहक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरवर दुरुस्ती अडवल्याच्या आरोपावरून खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले.

कंपन्या म्हणतात, सॉफ्टवेअर उघडलं तर लोक प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकतील, अपघात होतील, आमची बुद्धिसंपदा चोरीला जाईल. यातली पहिली गोष्ट अगदीच खोटी नाही, काही लोक ते करतात. मग त्यांना पकडा, दंड करा! चार जण चोरी करतात म्हणून अख्ख्या गावाच्या घराच्या किल्ल्या पोलीस पाटलाकडे ठेवायच्या का? आणि कारच्या बाबतीत हीच भीती होती, तरी माहिती खुली झालीच ना?

विचार करा, ज्या देशात १९०७ साली हार्वेस्टर बनवणाऱ्या 'सनशाइन' कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मजुराला दिवसाला किमान सात शिलिंग मिळालेच पाहिजेत असं सांगितलं, ज्या देशाने स्वतःचा 'चेंबरलेन' ट्रॅक्टर बनवला, त्या देशात आज मोठे ट्रॅक्टर आणि हेडर बाहेरून येतात. दुरुस्तीची परवानगीही बाहेरूनच येते. कारखाना गेला, मागोमाग किल्लीही गेली.

कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, तुम्हाला ऑस्ट्रेलियाचं काय पडलंय? आपल्या आडत बाजारात उभे राहा, कळेल. मे २०२४ मध्ये दिल्लीने देशी हरभऱ्यावरचं आयात शुल्क काढलं. तिकडच्या शेतकऱ्याने भाव बघून पेरा वाढवला. तो माल आपला नवा हरभरा यायच्या तोंडावर बंदरात उतरला. आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा १० टक्के शुल्क. २०१७-१८ मध्ये तर चार महिन्यांत शून्यावरून ६० टक्क्यांवर नेलं होतं. तेव्हा तिकडचा बुडाला, यावेळी इकडच्याचा भाव दबला. दोघांनीही हप्ते काढले होते. रीलमधला तो माणूस तुमचा आदर्श नाही आणि शत्रूही नाही. तुमच्याच चक्कीत तो दळला जातोय, फक्त त्याचं जातं मोठं आहे.

आणि कुलूप आपल्या दारातही आलंय. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागले, इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं. गेल्या पेरणीला माझ्या चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर धुऱ्यावर बंद पडला. आमच्या गावचा मिस्त्री, ज्याने तीस वर्षं तालुका चालवला, बोनेट उघडून म्हणाला, "दादा, याला पाना नाही, लॅपटॉप लागतो." लॅपटॉपवाला पाचव्या दिवशी आला. वाफसा निघून गेला होता.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारं आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल निघालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, चांगलं झालं, त्याचे बॅनर आपल्या चौकात लागले. घ्यायला सवलत, दुरुस्तीला कुलूप. ऑस्ट्रेलियाने केलेली चूक आपण तशीच्या तशी उचलतोय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याने पैसे मोजले, त्याला आणि त्याच्या मिस्त्रीला यंत्र उघडायचा, कोड वाचायचा आणि सुटा भाग बसवायचा हक्क कायद्याने मिळालाच पाहिजे. आमदार-खासदारांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा रस्त्याबरोबर हेही विचारा.

आणि तोवर एवढं करा. नवा ट्रॅक्टर बुक करताना रंग आणि म्युझिक सिस्टिम बघण्याआधी डीलरला तीन प्रश्न विचारा. बिघाडाचा कोड बाहेरच्या मिस्त्रीला वाचता येईल का? सेन्सर बदलल्यावर तुमच्याशिवाय ट्रॅक्टर चालू होईल का? पेरणीच्या दिवसांत तुमचा माणूस किती तासांत येईल? उत्तरं कागदावर, सही-शिक्क्यानिशी घ्या. नाही दिली तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.

कुणाचा ट्रॅक्टर असा अडकला असेल तर खाली लिहा. कंपनीचं नाव नको, किती दिवस उभा राहिला तेवढं सांगा. मी यादी करतोय, बातमी लावणार आहे.