कांद्याला वारा, माणसाला पत्रा!

कांदाचाळ बांधायची म्हटली की तुम्ही आम्हाला विचारायला येता. आम्ही सांगतो, तळाला हवा खेळू द्या, बाजूंना फटी ठेवा, छपराला लोखंडी पत्रा घालू नका, तो तापतो आणि माल सडतो. तुम्ही ते ऐकता, कारण सडलेला कांदा डोळ्यांना दिसतो. पण त्याच शेतकऱ्याच्या घरी चहाला बसावे तर काय दिसते? विटांची चार भिंताडे, एकच खिडकी, तीही नेमकी पश्चिमेला, आणि डोक्यावर लोखंडी पत्रा. जे कांद्याला सोसत नाही, ते माणसाने मात्र सोसायचे!

आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस-बेचाळीसच्या वर जातो, हे काही नवे नाही. नवे आहे ते हे, की रात्रीही घर निवत नाही. दिवसभर रानात राबलेल्या माणसाला रात्री झोप मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचे अंग उन्हाला तोंड देत नाही. गडीमाणसे अंगणात बाज टाकतात. पण घरातली बाळंतीण, तान्हे लेकरू, म्हातारी आई यांनी कुठे जायचे? उष्माघात फक्त रानात होत नाही. तो पत्र्याखालीही होतो.

जुनी माणसे म्हणतील, आमच्या माळवदात पंखासुद्धा लागत नव्हता. खरे आहे. दोन-अडीच हात रुंद दगडमातीची भिंत, लाकडी खांब-तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला आणि धुराला साणे. अशा जाड भिंतीत दुपारची उष्णता शिरली तरी ती आत पोचायला कित्येक तास घेते. तोवर रात्र झालेली असते, बाहेर हवा निवलेली असते, दारे उघडली की घर मोकळे होते. याउलट पत्रा मिनिटांत तापतो. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्या अंगावर ओततो.

मग माळवद सुटले का? त्याचे उत्तर या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून माणसे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत काही क्षणांत घरे बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. ज्यांनी ती माती उपसली, त्यांना माळवदाचे नाव नको वाटले तर त्यात चूक काही नाही.

पण शांतपणे पाहू या, जीव कशाने गेले? भिंत जाड होती म्हणून नव्हे. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर, मधे माती आणि चिपा, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही, चारही भिंतींना बांधणारा पट्टा नाही. त्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून टाकून वाढलेले ओझे. दोष बांधणीचा होता, गारव्याचा नव्हता. आपण मात्र धोक्याबरोबर गारवाही टाकून दिला. धोका टाळून गारवा ठेवता येतो, एवढेच आज सांगायचे आहे.

मी शेतीखात्याचा माणूस, इंजिनिअर नव्हे. तरी गावोगाव पाहिलेले आणि जाणकार मिस्त्रींकडून समजून घेतलेले मांडतो.

पहिली गोष्ट बिनपैशाची. जोत्याची आखणी करतानाच दिशा पाहा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ माथ्यावर असतो आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत भाजून काढतो. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर काढा. पश्चिमेला खिडकी नको. मोरी, कोठी किंवा पडवी तिकडे घ्या. छपराखाली झरोके ठेवा, गरम हवा वर चढते, तिला वाट लागते. पश्चिमेला भिंतीपासून दहा-पंधरा फुटांवर कडुनिंब लावा. तो वाढेपर्यंत शेवगा सावली देईल.

दुसरी गोष्ट मजबुतीची. दगडाची भिंत बांधत असाल, तर ती जाड असू द्या, पण थरोथरी आरपार जाणारे लांब दगड बसवा, कोपरे एकमेकांत गुंफा आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना घेणारा सळई-काँक्रीटचा पट्टा घाला. हा पट्टा वाचवू नका. जुने माळवद असेल, तर वरची जादा माती उतरवा आणि सडलेल्या तुळया आधी बदला.

तिसरी गोष्ट, पत्रा किंवा स्लॅब झालाच आहे त्यांच्यासाठी. स्लॅबवर मार्च लागण्यापूर्वी डिंक घातलेल्या पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. ऊन परत फेकले जाते, खोली दोन-चार अंशांनी निवते. तेलंगणा सरकारने 2023 मध्ये अशा थंड छपरांचे धोरणच केले आहे. गच्चीवर जुनी शेडनेट हातभर उंच ताणली तरी फरक पडतो. पत्र्याखाली तुराट्यांच्या ताट्या दोन्ही बाजूंनी शेणामातीने लिंपून बसवा. पत्रा आणि ताटी यांत वीतभर अंतर ठेवून दोन्ही टोके जाळी लावून मोकळी ठेवा. चुलीच्या वर मात्र ताटी नको, आगीचा धोका असतो. आणि आजीची सवय सोडू नका: दुपारी दारे-खिडक्या बंद, दिवस मावळला की सताड उघड्या. गोठ्यालाही हेच करा. संकरित गाय उन्हाने दुधाला उतरते, हे तुमच्या कॅनमध्येच दिसते.

आता दोन शब्द सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना. प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल 25 चौरस मीटरचे, सपाट भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. तेवढ्यात घर पुरे करताना गरीब माणूस जे स्वस्त आणि झटपट मिळेल ते बांधतो. ही योजना ठेकेदाराची नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायची आहे. म्हणजे सांगायला जागा आहे. जोत्याचा फोटो काढायला जाता, तेव्हा आखणी होऊन गेलेली असते. त्याच्या आधी एकदा जा. पश्चिम कुठे, खिडकी कुठे, पट्टा घालणार का, एवढे तीन प्रश्न विचारा. गावातल्या मिस्त्रींना ग्रामसभेत बोलवा. घर शेवटी त्यांच्या हातून उभे राहते.

बंधूंनो, घर आयुष्यात एकदा होते. पीक चुकले तर पुढचा हंगाम असतो, आखणी चुकली तर प्रत्येक उन्हाळा भोगावा लागतो. पाया खणण्यापूर्वी एक दिवस त्या जागेवर सकाळ, दुपार, संध्याकाळ उभे राहा. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो ते पाहा. मगच दोरी धरा.