रिकाम्या खोलीचं लाईट बिल : पडीक रानालाही राखण लागते



आज पिकाचं नाही, खोल्यांचं बोलू. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी उसाच्या नाहीतर कांद्याच्या पैशातून तालुक्याच्या गावी दोन-चार खोल्या बांधून ठेवल्यात. माझ्या राहुरीत चार आहेत. कृषी विद्यापीठ जवळ, आजूबाजूला कॉलेजं, त्यामुळं भाडेकरू म्हणजे बहुतेक शिकणारी पोरं. परीक्षा झाल्या की पोरं बोजा उचलतात आणि गावाकडं जातात. मग पुढची बॅच येईपर्यंत खोल्यांना कुलूप. भाडं थांबतं, पण लाईट बिल थांबत नाही. आणि हेच दिवस बी-बियाणं, खतं, मशागतीचं डिझेल यांचे असतात. हातात पैसा कमी आणि चार मीटरची चार बिलं, असं होतं.

यावर माझं मत सरळ आहे. रिकाम्या खोलीचं बिल ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी मीटर काढून टाकू नये, खोली विसरूनही जाऊ नये, आणि नव्या भाडेकरूच्या माथी तर अजिबात मारू नये. थोडी राखण केली की ते बिल आपोआप तळाला जातं.

आपली अडचण अशी की शेतकऱ्याला बिल वाचायची सवयच राहिलेली नाही. कित्येकांच्या पंपाला वर्षानुवर्षं मीटर नव्हता, एचपीवर बिल यायचं. एप्रिल 2024 पासून तर साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत बिल माफ आहे. चांगलंच आहे, पण त्यामुळं डोळा गेला. घराच्या बिलाला तो हिशोब लागत नाही. तिथं एकेक युनिट मोजलं जातं.

आता बिल हातात घ्या आणि ओळी वाचा. पहिली ओळ स्थिर आकार. ही एक युनिट न जाळताही भरावी लागते. घरगुती सिंगल फेजला सध्या ती महिन्याला सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान आहे, थ्री फेजला त्याच्या तिपटीच्या आसपास. गाळा असेल तर वाणिज्यिक दर लागतो, त्याचा स्थिर आकार घरापेक्षा कितीतरी जास्त. पुढं वीज आकार आणि वहन आकार, हे युनिटवर. त्या सगळ्यावर वीज शुल्क, घराला 16 टक्के आणि दुकानाला 21 टक्के. दर नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा आपलं बिल बघा.

म्हणजे सिंगल फेजची खोली पूर्ण बंद असली तरी शुल्क धरून दीडशेच्या आसपास बिल येणारच. हा खर्च रान पडीक ठेवलं तरी शेतसारा भरण्यासारखा आहे, त्याला इलाज नाही. पण तुमचं बिल सहाशे-साडेसहाशे येत असेल, तर वरचे पैसे कुठंतरी गळतायत. ती गळती शोधायची.

शोधायची कशी, ते सांगतो. फार सोपं आहे. खोलीतली सगळी बटनं बंद करा, मेन स्विच चालू ठेवा आणि मीटरजवळ उभे राहा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर 3200 असतो. त्याचा अर्थ दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. आता घड्याळ लावा. सगळं बंद असताना दिवा मिनिटाला एकदा जरी लुकलुकला, तरी तासाला 60 वेळा झाला, म्हणजे जवळपास 19 वॅट कुठंतरी चाललेत. महिन्याला साडेतेरा युनिट होतात. मिनिटाला चार-पाच वेळा लुकलुकत असेल तर नक्की काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे. वायरमनला बोलवा. ओल धरलेल्या भिंतीत आणि उंदरानं कुरतडलेल्या वायरीत हे होतं, आणि ते नुसतं बिलाचं नाही, जिवाचं काम आहे.

आता नेहमीचे चोर बघू.

फ्रिज. रिकामा असला तरी जुना छोटा फ्रिज दिवसाला एखादं युनिट खातो, महिन्याला 30. बंद करा, पुसून कोरडा करा आणि दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरते आणि वास जात नाही.

इन्व्हर्टर. लाईट असली तरी बॅटरी भरलेली ठेवायला तो थोडी थोडी वीज घेत राहतो. 20 वॅट धरले तर महिन्याला 14 युनिट. पण हा नुसता बंद करून तीन महिने सोडू नका, बॅटरी बसते. आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं जे होतं तेच. पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, टर्मिनल सोडवून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यानं एक दिवस परत चार्ज करा.

सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा. रिमोटनं बंद केलेला डबा बंद नसतो. 10 वॅटचा डबा महिन्याला सात युनिट घेतो. पिन काढा.

गिझर. हा चालू राहिला तर कोणी आंघोळ केली नाही तरी पाणी गार होत राहतं आणि तो परत तापवत राहतो. त्याचं बटन बाहेर असतं आणि बऱ्याचदा कोणाच्या लक्षात येत नाही.

टाकीची मोटर. आपल्याला एचपी समजवून सांगायला नको. एक एचपीची मोटर तासाला एका युनिटच्या आसपास घेते. टाकीचा बॉल-कॉक गळत असेल, नाहीतर एखाद्या खोलीचा नळ ठिबकत असेल, आणि मोटर ऑटोमॅटिकवर असेल, तर खोल्या रिकाम्या आणि मोटर रोज अर्धा तास चालू. महिन्याला 15 युनिट गेले, पाणी गेलं ते वेगळंच. खोल्या रिकाम्या झाल्या की ऑटोमॅटिक बंद करा आणि खालचा कॉक आवळा.

जिन्यातला दिवा. 9 वॅटचा एलईडी रात्रभर जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट. तो राहू द्या, चोराला अंधार आवडतो. पण तिथं जुना 100 वॅटचा बल्ब असेल तर तो 36 युनिट खातो. तो आजच काढा.

फ्रिज, इन्व्हर्टर, डबा, गळती आणि मोटर यांची बेरीज केली तर 80 युनिट होतात. सहा रुपयांच्या आसपास युनिट धरा, वर शुल्क, म्हणजे साडेपाचशेच्या पुढं. दोन महिन्यांत अकराशे रुपये, आणि त्यात कोणी राहिलंच नाही. मला खोलीत काही ठेवायचं नसेल तर मी मेन स्विचच पाडतो. महिन्यातून एक चक्कर मारतो, खिडक्या उघडतो, दोन तास हवा खेळू देतो आणि मीटरचा फोटो काढून येतो. बाजारच्या दिवशी जाणं होतंच, वेगळं पेट्रोल लागत नाही.

हा फोटो का, ते ऐका. खोली कुलूपबंद असली आणि मीटर आत असला तर रीडिंग घेणाऱ्याला ते मिळत नाही. मग मागच्या वापरावरून सरासरी बिल पडतं. मागचे महिने पोरांनी भरपूर जाळलेलं असतं, त्यामुळं रिकाम्या खोलीलाही भरलेल्या खोलीचं बिल येतं. नंतर खरं रीडिंग आलं की ते वळतं होतं, पण तोवर आपला पैसा अडकतो. म्हणून मीटर बाहेर, दिसेल असा घ्या. नाहीतर महावितरणच्या ॲपवर ठरलेल्या दिवसांत रीडिंगचा फोटो आपणच पाठवा. आता स्मार्ट मीटर बसतायत, त्यांचं रीडिंग आपोआप जातं, पण वापर बघायचं काम आपलंच. आणि कनेक्शनला मोबाईल नंबर मालकाचा असू द्या. जुन्या भाडेकरूचा नंबर राहिला तर सगळे मेसेज त्यालाच जातात.

काही जण म्हणतात, सरळ मीटरच काढून टाका. दोन-तीन महिन्यांसाठी हे मला पटत नाही. कायमचं बंद केलं की परत नवा अर्ज, नवी अनामत, जोडणीचा खर्च आणि हेलपाटे. दीडशे रुपये वाचवायला हजारोंचं काम निघतं. वर्ष-दोन वर्षं खोली पडूनच राहणार असेल, तर मात्र रीतसर अर्ज देऊन बंद करा आणि अनामत परत घ्या. बिल न भरता "तोडतील ते तोडतील" म्हणणं सगळ्यात वाईट. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार 15 दिवसांची नोटीस देऊन लाईट तोडता येते. थकबाकीवर व्याज चढतं आणि जूनमध्ये पोरगा बापाला घेऊन खोली बघायला आला की आत अंधार. तो पुढच्या गल्लीत जातो. दीडशेच्या बिलापायी वर्षाचं भाडं जातं.

थ्री फेज असेल आणि खोल्यांत तेवढा भार नसेल, तर सिंगल फेज करून घ्या, स्थिर आकार दर महिन्याला वाचतो. पण चार खोल्यांचे चार मीटर एकत्र करायच्या आधी वही-पेन घ्या. रिकाम्या महिन्यांत एकच स्थिर आकार पडेल हे खरं, पण खोल्या भरल्या की सगळे युनिट एका मीटरवर येतात आणि शंभराच्या पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट आहे. वर्षातले दहा महिने खोल्या भरलेल्या असतील तर वेगळे मीटरच परवडतात. छतावर सोलर बसवायचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजनेत अनुदान आहे, पण स्थिर आकार त्यानंही जात नाही. नुसत्या रिकाम्या खोल्यांच्या बिलासाठी सोलर नको.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रिकाम्या महिन्यांचा खर्च वसूल करायला काही मालक सबमीटर लावून पोरांकडून युनिटला 12-15 रुपये घेतात. ती पोरं आपल्याच सारख्यांच्या घरची आहेत. कोणाचा बाप कपाशी विकून पैसे पाठवतो, कोणाची आई दूध घालून. व्यापारी वजनात मारतो म्हणून आपण ओरडतो, आणि इथं मीटरवर आपणच मारायचं? खोली देताना आणि घेताना दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा, बिलाप्रमाणे जेवढं होतं तेवढंच घ्या, शेवटचं बिल अनामतीतून वळतं करून उरलेले पैसे त्याच आठवड्यात परत द्या. रिकामे महिने धरूनच भाडं ठरवा आणि ते आधी तोंडावर सांगा. अशा मालकाची खोली फार दिवस रिकामी राहत नाही, जाणारा पोरगाच पुढचा भाडेकरू आणून देतो.

पाऊस तोंडावर आलाय. पेरणीच्या धांदलीआधी एकदा तालुक्याला जाऊन मेन स्विच बघून या.