फडके आणि राष्ट्रीय उत्पन्न

घरातील धूळ पुसण्याचे फडके हा वैचारिक साप्ताहिकाचा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु या चिंधीचा प्रवास अर्थशास्त्राला अडचणीत आणणारा आहे.

सुती लुगडे विरले की त्याची दुपटी होत, मग गोधडी, उरल्यासुरल्या तुकड्यांची फडकी. फडके मळले की चुलीपाशी मसोते आणि अखेरीस पोतेरे. त्यातल्या त्यात धड कपडे बोहारणीच्या भांड्यांवर जात. हे सारे उत्पादनच होते; घरात पैशाची देवघेव नसल्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद मात्र शून्य. आता घरोघरी पॉलिएस्टर आले. हा धागा पाणी फारसे शोषत नाही. त्याच्या जुन्या साडीचे फडके धूळ इकडची तिकडे करते. म्हणून फडके विकत घ्यावे लागते. मायक्रोफायबरचे फडकेही बहुधा पॉलिएस्टर व नायलॉनचेच. तंतू मात्र इतके बारीक चिरलेले की त्यांच्या फटींत धूळ अडकते. घरचे फडके होते तेव्हा भर शून्य, विकतचे आले की सकल उत्पादन वाढले! धुण्याच्या पाण्यातून त्याचे तंतू नदीनाल्यांत जातात, ती वजाबाकी कोणी करीत नाही.

फडक्यामागे हातही असतो. मालकाने घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी १९२० मध्येच दाखवली होती. २०२४ च्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ८८. तीही हे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी. बहुसंख्य पुरुष त्याला हातच लावीत नाहीत.

पगारी मोलकरणीची स्थिती वेगळी नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने भारताने मत दिले, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. परंतु किमान वेतनाचे ठराव मांडणाऱ्या आपल्या घरांत कामवाल्या बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी आहे काय? आजारपणाचे खाडे कापले जातात काय? तालुका समित्यांनी ही चौकशी प्रथम आपल्या सभासदांकडे करावी. आणि पुढच्या शिबिरात सभागृह झाडण्यापुसण्याची पाळी लावताना यादीत पहिली नावे पदाधिकाऱ्यांची असावीत.