‘हार्थस्टोन’मध्ये बक्षीस वाढलं की घटलं?

‘हार्थस्टोन’ हा ब्लिझार्डचा डिजिटल पत्त्यांचा गेम खेळायला मोफत आहे. नवे पत्ते हवेत तर पैसे मोजा, नाहीतर खेळून गोल्ड कमवा. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने साप्ताहिक क्वेस्टची अट ५ रँक्ड विजयांवरून १५ वर नेली. ज्यातून गोल्ड मिळतं, तो एक्सपी मात्र साधारण २० टक्केच वाढवला.

हिशेब सोपा आहे. मेहनत तिप्पट, मोबदला सव्वापटही नाही. म्हणजे दर विजयामागची कमाई ६० टक्क्यांनी घटली. खेळाडू भडकले, तेव्हा अट १० विजयांवर आली.

कंपनीने कमवावंच. पण फुकट खेळणारा वेळ मोजतो आणि पैसे भरणाऱ्याला प्रतिस्पर्धीही त्याच्यामुळेच मिळतो. दरवाढच करायची, तर तिला बक्षीस म्हणू नका.