संप रोखताना ‘सेवा’, दाद मागताना ‘सरकार’?



कायद्यातील शब्दाचा अर्थ प्रथम त्याच कायद्यात शोधावयाचा असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘उद्योग’ या शब्दाची व्याख्या व्यापक होती. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात तिला व्यापकच अर्थ दिला.

तरीही १९९६ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी टपाल खाते ‘उद्योग’ नाही, ते शासनाचे सार्वभौम कार्य आहे, असे ठरविले. पण त्याच कायद्यातील ‘लोकोपयोगी सेवा’ या व्याख्येत रेल्वेबरोबर टपालाचेही नाव स्वच्छ लिहिलेले होते! कलम २२ ने अशा सेवांत नोटिशीशिवाय संपास बंदी होती. म्हणजे संप रोखताना टपाल ‘सेवा’ आणि कामावरून काढलेला कामगार दाद मागू लागला की ‘सरकार’? हा कोठला न्याय? १९९७ साली तीन न्यायमूर्तींनी ही चूक दुरुस्त केली.

धोका मात्र टळलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातील ‘उद्योग’ या व्याख्येतून सार्वभौम कार्ये वगळली आहेत. शिवाय अधिसूचना काढून आणखी काहीही वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन मात्र आता सर्वच उद्योगांवर!

या व्याख्येत संरक्षण संशोधन, अणुऊर्जा आणि अंतराळ ही खाती नावानिशी वगळली आहेत, रेल्वे-टपाल नाही. हा शब्द घट्ट धरा, प्रत्येक शाखासभेत वाचून दाखवा. अधिसूचनेच्या मागच्या दाराने आपले हक्क जाऊ देता कामा नयेत!