'हायर सेंटर'ला पत्ता नसतो

शहापूर-मुरबाडकडचा पेशंट पुढे पाठवतात तेव्हा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एकच ओळ असते: 'पुढील उपचारासाठी हायर सेंटर.' काय संशय आहे, बीपी किती होतं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, यातलं काही नाही. कळव्याला किंवा सायनला पोचल्यावर तिथला डॉक्टर विचारतो, "आधी काय दिलं?" बरोबरची बाई सांगते, "एक सुई दिली आणि सलाईन लावलं."

साप चावलेल्याचंच घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे हे नेहमीचं आहे. विषावरच्या लसीच्या किती बाटल्या गेल्या, कधी गेल्या, हे माहीत नसेल तर पुढच्याने पुढचा डोस ठरवायचा कसा? झटके येणाऱ्या बाळंतिणीला दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटचंही तेच. तिथे तर दुप्पट डोससुद्धा जिवावर बेततो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. काही जण बाहेरून शेवटच्या अवस्थेत आणले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. मान्य. पण अशा अवस्थेत येणाऱ्या माणसाबरोबर लिहिलेलं काय येतं, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे कोणाच्या मेहेरबानीचं काम नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत कलम ३.६ आहे. पाठवणाऱ्याने केसचा सारांश द्यायचा आणि तज्ज्ञाने आपलं मत पाठवणाऱ्याला लेखी कळवायचं. दोघांनीही. इथे दुसरा भाग तर सगळेच विसरले आहेत. गावातल्या डॉक्टरला चार ओळी लिहिण्यात मोठ्या डॉक्टरांना कमीपणा वाटतो, आणि घरी परतलेल्या पेशंटची गोळी का बदलली हे त्या बिचाऱ्याला कधीच कळत नाही. पेशंट पाठवल्याचा कट मात्र काही ठिकाणी न विसरता पोचतो. तो याच नियमांच्या कलम ६.४ प्रमाणे निषिद्ध आहे.

"ओपीडीत एवढी गर्दी, लिहायला वेळ कुठे?" असं म्हणतात. गर्दी खरी आहे. पण पाच ओळींना दोन-तीन मिनिटं लागतात. त्या वाचवल्या की पुढे रक्त पुन्हा तपासा, सोनोग्राफी पुन्हा करा, आणि पैसे कातकरी मजुराच्या नाहीतर आपल्या हातगाडीवाल्या भावाच्या खिशातून जातात.

आता थोडं आपल्याबद्दल. पेशंटसाठी जुम्म्याला चंदा गोळा होतो, गाडीची सोय होते, चार पोरं रक्त द्यायला धावतात. कागद मागायला कोणी जात नाही. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. उसने पैसे लिहायचे आणि माणसाचा जीव तोंडी सोपवायचा?

तेव्हा गाडी सुरू करण्याआधी एकाने आत जावं आणि म्हणावं, "डॉक्टरसाहेब, काय दिलं आणि किती वाजता दिलं, तेवढं लिहून द्या." साहेब चिडतील. चिडू द्या. चिठ्ठी मिळेपर्यंत तिथेच उभं राहा.