पक्के छप्पर, कच्चा हिशेब

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे बारवांचे गाव आहे. मे महिन्याच्या भर दुपारी तिथल्या बारवेत उतरू लागावे, चार-सहा पायऱ्यांतच अंगाची काहिली कमी होते. वर येऊन एखाद्या पत्र्याच्या घरात शिरावे, तर बाहेरचे ऊन परवडले असे वाटते. दोन्ही माणसांनीच बांधलेले. एक शेकडो वर्षांपूर्वीचे, दुसरे काल-परवाचे. मग या काळात आपले शहाणपण वाढले की कमी झाले? उत्तर वाटते तितके सोपे नाही.

मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन त्या थरातून झिरपत खाली यायला रात्र व्हायची आणि तोवर माणसे अंगणात निजायला गेलेली असायची. पण या मातीला वजन होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर आले आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर माळवदाखाली झोपताना छातीत धडकी भरू लागली, यात नवल नव्हते.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. कर्जाच्या अर्जात छपराचा एक रकाना असे : पक्के की कच्चे? माळवद कच्चे, पत्रा आणि स्लॅब पक्के. माळवद उतरवून पत्रे घालण्यासाठीची कितीतरी कर्जे माझ्या सहीने मंजूर झाली. सही चुकीची नव्हती. पण पुढे एका उन्हाळ्यात वसुलीसाठी गेलो, तर खातेदाराची म्हातारी आई लिंबाखाली बाज टाकून बसलेली. घर सकाळ-संध्याकाळचे, दुपार या झाडाची, असे ती सहज सांगून गेली. हप्ते मात्र चोवीस तासांच्या घराचे चालू होते.

आता शहरांतून यावर एक नवा उपाय सांगितला जातो, फवारणीच्या फोमचा. दोन रसायने नळीच्या तोंडाशी एकत्र येतात, छपरावर पडताच फुगतात आणि घट्ट होतात. हे पॉलियुरेथेन जर्मनीत ओट्टो बायर यांनी १९३७ साली शोधले. त्याच्या बारीक बंद पोकळ्यांत वायू कोंडलेला असतो आणि तोच उष्णता अडवतो. दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे दहा फूट काँक्रीट लागेल. शिवाय वजन नगण्य. म्हणजे माळवदाचा गुण आहे आणि किल्लारीने दाखवलेला दोष नाही.

मग घोडे कुठे अडते? फोम उघडा राहिला तर उन्हाने भुगा होतो, त्यावर लेप हवा. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या घरात आच्छादनाशिवाय तो लावणे धोक्याचे. फवारताना निघणारी वाफ श्वासाला घातक, म्हणून यंत्र आणि जाणकार माणूस दोन्ही हवेत. तो फुगवायला वापरले जाणारे एक रसायन ओझोनच्या थराला मारक होते. भारताने १ जानेवारी २०२० पासून ते बंद केले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आणि खर्च? शीतगृहाला, कारखान्याला तो परवडतो. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत केंद्राने सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले. त्यात भिंती उभ्या करून छप्पर घालतानाच माणूस मेटाकुटीला येतो.

केंद्राने २०१८ साली निवासी इमारतींसाठी संहिता केली आणि छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली. नुसत्या स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. म्हणजे पुण्यातल्या संकुलाला नियम आहे, वालूरच्या दोन खणांच्या घराला नाही. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्याच्या छपराची काळजी वाहिली गेली आणि ज्याच्याकडे नुसता पंखा, त्यातही वीज गेलेली, तो हिशेबातच नाही.

स्वस्त उपाय नाहीत असे नाही. अहमदाबादेत २०१७ पासून झोपडपट्ट्यांची छपरे पांढरी रंगवली गेली; तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच केले. स्लॅबला दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून एक छत, हे गावचा गवंडी आणि सुतारही करू शकतो. मात्र त्यासाठी अनुदानात आणि कर्जात वेगळी ओळ हवी.

वालूरच्या लोकांनी आपल्या बारवांतला गाळ उपसला, त्या पुन्हा मोकळ्या केल्या. तसाच आपल्या कागदांतलाही थोडा गाळ उपसायला हवा. छपराच्या रकान्यात पक्के की कच्चे एवढेच विचारून भागणार नाही. दुपारी दोन वाजता त्या छपराखाली म्हातारे माणूस आणि तान्हे मूल थांबू शकते का, हेही विचारले पाहिजे. माझ्या सहीच्या अर्जांवर तो प्रश्न नव्हता. निदान पुढच्या अर्जांवर तरी तो असावा.